इस्त्रीने घरच्या घरी ड्राय बॅग: टीपीयू कापडाचे जोड कसे लावायचे

शिवणमशीनची सुई कापडात जितक्या वेळा जाते तितकी भोकं पडतात, इंचाला ८-१० टाके धरले तर दीड मीटरच्या शिवणीत पाचशेच्या आसपास भोकं झाली, आणि मग आपण म्हणतो कापड तर वॉटरप्रूफ होतं मग आतला स्वेटर भिजला कसा. कापड बिचारं बरोबरच असतं, पाणी शिवणीतून येतं. म्हणून ड्राय बॅगला, म्हणजे तोंड गुंडाळून बंद करायच्या, आत पाणी न शिरणाऱ्या पिशवीला, शिवण नसते, कापडाच्या आतल्या बाजूचं कोटिंग वितळवून एकमेकांत मिसळवलेलं असतं, आणि हे काम घरातल्या साध्या इस्त्रीने नीट होतं. त्यासाठी महागडं मशीन लागत नाही पण योग्य कापड, थोडा संयम आणि आधी तुकड्यांवर ट्रायल एवढं मात्र लागतंच.

हे लिहायचं कारण म्हणजे जून ते सप्टेंबर सह्याद्रीत फिरणाऱ्या बऱ्याच जणांचा भरवसा अजून रेनकव्हरवर असतो. रेनकव्हर सॅकच्या बाहेरून बसतं, पाठीकडची बाजू उघडीच राहते, आणि ताम्हिणी नाहीतर अंधारबनात तासन्‌तास पाऊस लागला की पाणी मानेवरून पाठीवर आणि पाठीवरून थेट सॅकच्या पॅडमध्ये उतरतं. आत कचऱ्याची काळी पिशवी टाकतात काहीजण, ती एका दिवसापुरती चालते, दुसऱ्या दिवशी कुठेतरी टोचून फाटते. स्लीपिंग बॅग आणि रात्रीचे कोरडे कपडे या दोन गोष्टी भिजल्या की हरिश्चंद्रगडावर ऑगस्टमधली रात्र फार लांब होते, आणि ओल्या कपड्यात वाऱ्यावर बसून अंगातली उष्णता जाते हे गंमतीवारी नेण्यासारखं नाहीये.

कापड ओळखायला शिका, अर्धं काम तिथेच होतं

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. उष्णतेने जोड लागणार की नाही हे धागा ठरवत नाही, कोटिंग ठरवतं. दुकानात "वॉटरप्रूफ नायलॉन" म्हणून जे मिळतं त्यात निदान चार वेगवेगळे प्रकार असतात आणि दिसायला ते जवळपास सारखेच.

पहिला टीपीयू, म्हणजे थर्मोप्लास्टिक पॉलीयुरेथेन. थर्मोप्लास्टिक म्हणजे तापवलं की वितळतं, थंड झालं की परत घट्ट होतं, आणि पुन्हा पुन्हा असं करता येतं. आपल्याला हेच पाहिजे. दुसरा साधा पीयू, म्हणजे पॉलीयुरेथेन कोटिंगवाला, बऱ्याच रेनकोट, छत्र्या, स्वस्त सॅकमध्ये हाच, त्याचा थर इतका पातळ असतो की वितळून एकमेकांत मिसळायला मटेरियलच नसतं, इस्त्री फिरवली तर थोडं चिकटल्यासारखं वाटतं आणि नखाने ओढलं की सुटतं. तिसरा सिलिकॉन कोटिंग, म्हणजे सिलनायलॉन, हाताला बुळबुळीत लागतं, याच्यावर इस्त्रीचा काहीही उपयोग नाही, त्याला फक्त सिलिकॉनच चिकटतं. चौथा पीव्हीसी, म्हणजे ट्रकची जाड ताडपत्री आणि रेक्झीन वगैरे, तो उष्णतेने जोडता येतो पण त्याच्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय कारण त्याचा धूर वाईट असतो.

ओळखायचं कसं? सिलिकॉनवर पॅकिंगची चिकटपट्टी लावून बघा, नीट बसतच नाही, लगेच सुटते. पीव्हीसीसाठी एक जुनी आणि पक्की टेस्ट आहे: तांब्याची तार पक्कडीत धरून गॅसच्या ज्योतीत लाल करायची, कापडाच्या कोटिंगवर टेकवायची म्हणजे थोडं प्लास्टिक तारेला लागतं, आणि तार परत ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. हे खिडकी उघडून करा, तुकडा नखाएवढा पुरतो. आणि पीयू की टीपीयू हा प्रश्न राहिला तर सरळ दोन तुकडे कोटिंगला कोटिंग लावून इस्त्रीखाली धरा आणि थंड झाल्यावर सोलून बघा, याच्याहून चांगली टेस्ट नाही. दुकानदार काय सांगतो त्यावर ५ मीटर कापड घेऊ नका, आधी वीतभर तुकडा मागा.

टीपीयू नायलॉन बऱ्याचदा ऑनलाइनच मागवावं लागतं. बकल, पट्टी, रोप, ताडपत्री वगैरे पुण्यात बोहरी आळी-रविवार पेठेत आणि मुंबईत मस्जिद बंदरच्या बाजूला मिळून जातं. कापडावर ७०डी, २१०डी, ४२०डी असं लिहिलेलं असतं, ते डेनिअर, म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, आकडा मोठा तितका धागा जाड. सॅकच्या आत ठेवायच्या बॅगेला ७०डी भरपूर झालं. कोलाडला कुंडलिकेत राफ्टवर बांधायची किंवा सायकलच्या कॅरिअरला लावायची असेल तर २१०डी किंवा ४२०डी घ्या. पहिल्यांदाच करणाऱ्याने २१०डी घ्यावं असं माझं ठाम मत आहे कारण पातळ कापड इस्त्रीखाली लगेच आकसतं, जाड कापड चूक सहन करतं.

अजून एक, कोटिंग एका बाजूला आहे की दोन्ही हे विचारा. एका बाजूला असेल तर जोड फक्त कोटिंगला कोटिंग असाच लागणार, म्हणजे दोन कडा आतल्या बाजूने समोरासमोर आणून पंखासारखी पट्टी बाहेर ठेवायची, याला फिन जोड म्हणतात. दोन्ही बाजूंना असेल तर एकावर एक चढवून लॅप जोड करता येतो. लॅप जोड जास्त मजबूत, कारण ताण आला की तो जोडाच्या सगळ्या रुंदीवर पसरतो आणि थर एकमेकांवरून सरकायचा प्रयत्न करतात, फिन जोडात मात्र ताण एका रेषेवर येतो आणि थर सोलले जातात. पण बॅगेत हवेचा आणि कपड्यांचा दाब फार नसतो, त्यामुळे २ सेंमी रुंद फिन जोड ड्राय बॅगेला पुरेसा आहे. हवा भरून त्यावर बसायचं असेल, म्हणजे फुगवायची मॅट किंवा बोट, तर गोष्ट वेगळी आणि ते पहिलं काम म्हणून हातात घेऊ नका.

सामान

इस्त्री ड्राय पाहिजे, स्टीमची नको. स्टीम इस्त्रीच्या पत्र्याला भोकं असतात आणि भोकाखाली उष्णता पोचत नाही, नेमक्या तिथेच जोड कच्चा राहतो. जुनी जड इस्त्री असेल तर फारच उत्तम, ती उष्णता धरून ठेवते. स्टीमचीच असेल तर पाणी पूर्ण काढून टाका आणि भोकं नसलेला कडेचा भाग वापरा. एरोमॉडेलिंगवाले विमानाच्या पंखांवर फिल्म चिकटवायला जी छोटी इस्त्री वापरतात ती मिळाली तर कोपऱ्यांसाठी मस्त. हेअर स्ट्रेटनर पण चालतो, तो दोन्ही बाजूंनी तापवतो आणि बऱ्याच स्ट्रेटनरवर तापमान सेट करता येतं, फक्त कडेपासून आत जास्त पोचत नाही.

तापमान मोजायला मल्टिमीटर घ्या ज्याच्याबरोबर के टाइप थर्मोकपलची तार येते. लेझरवाल्या थर्मामीटर गनने इस्त्रीचा चकचकीत पत्रा मोजू नका, चमकदार धातूवर ती गन खूप कमी आकडा दाखवते, आणि तुम्ही कमी आहे म्हणून अजून तापवत बसाल. गनच वापरायची असेल तर पत्र्यावर मास्किंग टेपचा तुकडा चिकटवून त्यावर नेम धरा आणि मोजून झाल्यावर टेप काढून टाका. इस्त्रीवरच्या एक-दोन-तीन टिंबांचा अर्थ साधारण ११०, १५० आणि २०० अंश असा असतो पण थर्मोस्टॅट चालू-बंद होत राहतो त्यामुळे पत्रा प्रत्यक्षात त्याच्या बराच वरखाली जातो. लाइट बंद झाल्याच्या क्षणाला तो सगळ्यात गरम असतो. त्यामुळे कामाची लय अशी बसवायची की लाइट गेल्यावर थोडं थांबून प्रत्येक वेळी त्याच टप्प्याला दाबायचं.

बाकी बेकिंग पेपर किंवा टेफ्लॉन शीट, म्हणजे कोटिंग इस्त्रीला लागणार नाही. बेकिंग पेपर सिलिकॉनवाला हवा, मेणाचा बटर पेपर घेतला तर मेण कापडावर उतरेल आणि मग तिथे काहीच चिकटणार नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल पुसायला. स्टीलची पट्टी, कटर, मार्कर. एक लाटणं किंवा वॉलपेपरचा रोलर. आणि खिडकीच्या अ‍ॅल्युमिनियम सेक्शनचा फूट-दीड फुटाचा तुकडा, फॅब्रिकेशनवाल्याकडे भंगारात पडलेला असतो, तो कशाला ते पुढे येतंय.

काम लाकडी फळीवर किंवा प्लायवर करा. ओट्याच्या ग्रॅनाइटवर अजिबात नको, दगड खालून उष्णता खेचून घेतो आणि वरचा थर जळेपर्यंत खालचा वितळत नाही.

आता एक युक्ती जी सगळ्यात जास्त फरक पाडते. इस्त्रीचं वजन किलो-सव्वा किलो, पत्र्याचं क्षेत्रफळ दीडशे ते दोनशे चौरस सेंमी, म्हणजे नुसती ठेवली तर एका चौरस सेंमीवर ५ ते ८ ग्रॅम दाब पडला, हा काहीच नाही. म्हणून फळीवर २ सेंमी रुंद आणि सेंमीभर उंच लाकडी पट्टी ठोका, वरची धार थोडी घासून गोल करा, त्यावर बेकिंग पेपर घाला आणि जोड त्या पट्टीवर ठेवून वरून इस्त्री दाबा. आता इस्त्री फक्त २ सेंमी रुंदीवर टेकते, अंगाचा भार टाकला की दाब कितीतरी पटीने वाढतो, आणि शिवाय बाजूचं कापड पट्टीच्या खाली उतरल्यामुळे तापत नाही, आकसत नाही. जोड पण सगळीकडे नेमका २ सेंमीच येतो, रेषेत.

ट्रायल तुकडे

बॅग कापायच्या आधी त्याच कापडाचे २.५ सेंमी रुंद आणि १५ सेंमी लांब असे बरेच तुकडे कापा. दोन दोन तुकडे कोटिंग आतमध्ये ठेवून जोडा, अर्धा भाग जोडायचा आणि अर्धा मोकळा ठेवायचा म्हणजे ओढायला धरता येतो. प्रत्येकावर मार्करने तापमान आणि सेकंद लिहा. मल्टिमीटरची तार शक्य असेल तर दोन कापडांच्या मध्ये ठेवून पण एकदा बघा, पत्रा २०० दाखवत असताना आतमध्ये किती पोचतं आणि किती सेकंदांनी पोचतं हे कळलं की बाकीचा अंदाज एकदम सोपा होतो.

सुरुवात कुठून करायची? ७०डीला पत्रा १८० च्या आसपास ठेवून ५ सेकंद, २१०डीला २०० वर ८-१० सेकंद, आणि तिथून ५-१० अंश वर किंवा खाली. टीपीयूचे ग्रेड वेगवेगळे असतात त्यामुळे माझा आकडा तुमच्या कापडाला जसाच्या तसा लागेल असं नाही, म्हणूनच तर तुकडे. वरची हद्द मात्र पक्की आहे: नायलॉन ६ हा धागा २२० अंशांच्या आसपास वितळतो. त्याच्या जवळ गेलात तर कापड पिवळट पडतं, काचेसारखं चमकतं, कडक होतं आणि कडा गोळा होतात. असा तुकडा दिसायला छान चिकटलेला असतो पण दोन वेळा दुमडला की चीर जाते.

तुकडे पूर्ण थंड झाल्यावर सोला. इथे नीट बघायला शिका कारण पुढचं सगळं यावर आहे. दोन्ही कोटिंग स्वच्छ, चकचकीत, जशीच्या तशी वेगळी झाली तर जोड लागलाच नाही, उष्णता किंवा वेळ कमी पडला. सोलताना कोटिंगच धाग्यांवरून उपटून दुसऱ्या बाजूला चिकटून आलं, खाली उघडी वीण दिसायला लागली, तर जोड कोटिंगच्या पकडीपेक्षा मजबूत झाला, यापेक्षा जास्त काही मिळणार नाही. आणि मध्ये बारीक बुडबुडे दिसले तर एकतर जास्त तापलं किंवा कापडात ओल होती.

ही ओल आपल्याकडचा खास प्रश्न आहे. नायलॉन हवेतलं पाणी शोषतं, टीपीयू पण शोषतं, आणि जुलैत कोकणात किंवा मुंबईत घरात ठेवलेलं कापड दिसायला कोरडं असलं तरी इस्त्रीखाली गेलं की त्यातली वाफ जोडाच्या आत फुगते. म्हणून हे काम खरं तर एप्रिल-मेमध्येच करावं. पावसाळ्यात करायचंच असेल तर कापड आदल्या दिवशी पंख्याखाली पसरा, आणि जोडायच्या आधी कापडाच्या जोडाच्या कडेवरून कमी तापलेली इस्त्री पेपर ठेवून दोन-तीनदा फिरवा, मग लगेच जोडा. एवढ्याने बुडबुडे बरेच कमी होतात.

बॅगेचं माप

१० लिटरची बॅग धरू. २० सेंमी व्यास आणि ३२ सेंमी उंची घेतली तर १० लिटर भरतात. २० सेंमी व्यासाचा घेर ६२.८ सेंमी, म्हणजे बॅग आडवी चपटी केली की रुंदी ३१.४. दोन्ही बाजूंना २-२ सेंमी जोड मिळवला की ३५.५ सेंमी. उंची ३२, त्यात तळासाठी १० कारण गोल तळ लावत नाही आहोत, आणि तोंडाच्या गुंडाळीसाठी १४. झाले ५६. कापड एकसंध घेऊन मध्ये दुमडायचं, तळाला जोडच नाही, म्हणून लांबी दुप्पट म्हणजे ११२ सेंमी. कापडाचा पन्हा साधारण १४७ सेंमी असतो त्यात ३५.५ च्या चार पट्ट्या बसतात, म्हणजे सव्वा मीटर कापडात चार बॅगा झाल्या. गोल तळ सुंदर दिसतो, मान्य, पण वळणदार जोड इस्त्रीने करताना चुण्या पडतात आणि प्रत्येक चुणी म्हणजे गळती, पहिल्या बॅगांना तो नकोच.

जोड लावणं

कापड कोटिंग आत ठेवून दुमडा. जोडाच्या पट्ट्या अल्कोहोलने पुसा, कारखान्यातून येताना कोटिंग एकमेकांना चिकटू नये म्हणून बऱ्याचदा पावडर लावलेली असते ती निघाली पाहिजे, आणि पुसल्यावर बोटं लावू नका. अल्कोहोल पूर्ण उडू द्या, बाटली बंद करून लांब ठेवा, मगच इस्त्री चालू करा. कडा स्टेशनरीच्या काळ्या क्लिपांनी धरा.

दुमडीच्या बाजूने सुरुवात करा आणि तोंडाकडे या. इस्त्री सरकवायची नाही, दाबायची, ट्रायलमध्ये ठरलेले सेकंद मनात मोजायचे, उचलायची. उचलल्या क्षणी पेपरसकट लाटणं जोरात फिरवायचं आणि लगेच त्यावर अ‍ॅल्युमिनियम सेक्शन ठेवून दाबून धरायचा, १५-२० सेकंद तरी. अ‍ॅल्युमिनियम झटकन उष्णता ओढून घेतं. हे पाऊल बहुतेक जण गाळतात आणि मग म्हणतात इस्त्रीने होत नाही. वितळलेल्या टीपीयूला काहीच ताकद नसते, इस्त्री उचलल्यावर कापड परत सरळ व्हायला बघतं आणि जोड आतल्या आत उघडतो, बाहेरून दिसत पण नाही. दाबाखाली थंड होणं हे तापवण्याइतकंच महत्त्वाचं आहे. पेपर सुद्धा गार झाल्यावरच सोला.

पुढचा टप्पा आधीच्यावर दोन सेंमी तरी चढवून घ्या. एक बाजू झाली की बॅग पालथी करून तोच जोड दुसऱ्या बाजूने परत एकदा पूर्ण करा, दुसऱ्या फेरीत कच्चे राहिलेले ठिपके भरून निघतात. पंखा बंद ठेवा, वाऱ्याने इस्त्री आणि कापड दोन्हीचं तापमान हलतं, पण खिडकी मात्र उघडी असू द्या.

सगळ्यात जास्त गळती कुठे होते सांगू का, तळाच्या दुमडीच्या टोकाला. तिथे कापड वळताना आत एक बारीक नळी राहते, सुईच्या टोकाएवढी, आणि इस्त्री कितीही दाबली तरी ती बसत नाही. उपाय सोपा आहे: दोन्ही खालच्या कोपऱ्यांवर तिरका, ४५ अंशात, ३-४ सेंमीचा जोड मारा, म्हणजे ती नळी जोडाच्या बाहेर पडते आणि आतल्या जागेशी तिचा संबंधच राहत नाही. नंतर जोडाला हात न लावता बाहेरचा टोकदार कोपरा गोल कापून टाका, टोकं सॅकमध्ये अडकतात.

तोंडाला शिवण चालते. बकल आणि पट्टी लागते ती गुंडाळीच्याही वर, त्यामुळे तिथल्या भोकांतून आलेलं पाणी गुंडाळीपाशीच अडतं. वरची कड अडीच सेंमी दुमडा, समोरच्या बाजूच्या दुमडीत एक लवचिक प्लास्टिक पट्टी सरकवा, जुन्या फाइलची कापलेली चालते, आणि बाहेरून त्याच बाजूला २० मिमीची कापडी पट्टी शिवा, तिच्या दोन टोकांना बकलचे दोन भाग. बंद करताना आधी हवा थोडी दाबून काढायची, तोंड चपटं करून निदान तीन वेळा घट्ट गुंडाळायचं आणि दोन्ही टोकं वळवून बकल लावायचं. दोनच वेळा गुंडाळलं तर पाणी आत जातं, बॅग कितीही चांगली असो, आणि गच्च भरली तर गुंडाळायला जागाच राहत नाही म्हणून १० लिटरच्या बॅगेत ८ लिटरचं सामान धरा.

तपासणी

बॅग हवेने भरून गुंडाळा, बादलीत बुडवून हळूहळू दाबा. जिथून बुडबुड्यांची रेघ येते तिथे मार्करने खूण करा. बादली लहान असेल तर भांड्याच्या साबणाचं पाणी ब्रशने जोडांवर लावा, फेस फुगतो ती जागा. मग बॅग पूर्ण वाळवा, पूर्ण म्हणजे खरंच पूर्ण, आणि तेवढाच भाग परत तापवा. टीपीयूचं हेच तर सुख आहे की जोड पुन्हा वितळवता येतो. दोनदा करूनही गळत असेल तर तिथे बाहेरून युरेथेन गोंदाचा पातळ हात द्या आणि २४ तास सोडा.

त्यानंतर बॅगेत वर्तमानपत्राचा कोरडा कागद टाकून गुंडाळा आणि रात्रभर पाण्याखाली वजन ठेवून बुडवा. सकाळी कागद कडक कोरडा निघाला तरच तिच्यात स्लीपिंग बॅग घाला. मोबाइल, कॅमेरा, औषधं यांना घरच्या बॅगेत ठेवायचं तर आत अजून एक छोटी पिशवी हवीच. आणि हवा भरलेली बॅग पाण्यावर छान तरंगते म्हणून कोणी लाइफ जॅकेटच्या जागी वापरू नका, कृपा करून.

पीव्हीसी, आणि ज्यांना इस्त्री चालत नाही ती कापडं

जाड पीव्हीसी ताडपत्रीची बॅग फार दणकट होते, मोटारसायकलला दोन्ही बाजूंना टाकायला एकदम योग्य. पण ती इस्त्रीपेक्षा हीट गनने बरी होते: दोन थरांच्या मधे नोझल धरायचं, दोन्ही पृष्ठभाग ओलसर चमकायला लागले की मागून लाटण्याने दाबत पुढे सरकायचं. हवेचं तापमान कापडाच्या तापमानापेक्षा खूप जास्त ठेवावं लागतं कारण कापडाला ती क्षणभरच लागते, म्हणून थांबलात की जळलं. पीव्हीसी जळालं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, घशाला आणि डोळ्यांना झोंबतो आणि फुप्फुसाला वाईट. म्हणून हे काम फक्त गच्चीवर किंवा अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून, आणि लहान मुलं जवळपास नकोत. धूर दिसला म्हणजे तापमान जास्त झालं, लगेच थांबा. मोठं काम असेल तर ताडपत्रीच्या दुकानात विचारा, बऱ्याच जणांकडे गरम हवेचं वेल्डिंग मशीन असतं आणि मीटरवर पैसे घेऊन जोडून देतात.

पॉलिथिनचं साधं जाड प्लास्टिक असेल तर फरसाणवाल्यांकडचं पाकिटं सील करायचं मशीन उत्तम. हे प्लास्टिक ११० अंशांच्या आसपासच वितळतं, इस्त्री एक टिंबावर ठेवून बेकिंग पेपरमधून पण जमतं. सॅकच्या आत घालायला मोठी पिशवी अशी अर्ध्या तासात होते, टिकत मात्र एक सीझन.

सिलनायलॉनचा टार्प किंवा टेंट असेल तर शिवा आणि शिवणीवर सिलिकॉन सीलंट टर्पेंटाइनमध्ये पातळ करून ब्रशने लावा. पीयूवाल्या रेनजॅकेटच्या आतली टेप सुटली असेल तर शिवणीवर लावायची हॉटमेल्ट टेप मिळते, साधारण २० मिमी रुंद. जुना गोंद अल्कोहोलने पूर्ण काढून ती मध्यम इस्त्रीने, पेपर ठेवून बसवायची, आणि तिथेही तेच, गार होईपर्यंत दाबून धरायचं.

वापर संपल्यावर

जुन्या सॅकचं आतलं कोटिंग चिकट होऊन पापुद्रे पडलेले तुम्ही पाहिले असतील. दमट हवेत पॉलीयुरेथेनचे रेणू पाण्याने हळूहळू तुटतात त्यामुळे ते होतं. पॉलिएस्टर प्रकारच्या टीपीयूला हा त्रास लवकर होतो, पॉलीईथर प्रकाराला कमी, म्हणून कापड मागवताना कुठलं आहे ते विचारून घ्या, आपल्या हवेत हा फरक खूप पडतो. ट्रेकवरून आलं की बॅग उलटी करून सावलीत वाळवा, उन्हात तासन्‌तास टाकू नका, आणि गुंडाळून माळ्यावर कोंबण्यापेक्षा तोंड उघडं ठेवून खुंटीला टांगा.

भोक पडलं तर त्याच कापडाचा गोल तुकडा, भोकाच्या चारी बाजूंनी ३ सेंमी मोठा. कापड एकाच बाजूने कोटिंगवालं असेल तर ठिगळ आतूनच लावावं लागतं, कोटिंगला कोटिंग. त्यासाठी बॅग उलटी करा, आत फळीचा तुकडा सरकवा, पुसा, वाळवा आणि तेच ट्रायलचे सेकंद. म्हणूनच कापलेल्या कापडाचे उरलेले तुकडे टाकून देऊ नका, त्यातल्याच एकावर तुमचं तापमान आणि सेकंद मार्करने लिहून ठेवा आणि इस्त्रीच्या खोक्यात टाका.